गंज आतून खातो: जुन्या विमानाची चौकट वाचवायची कशी?

नमस्कार मंडळी. टायगर मॉथ, पायपर कब अशा जुन्या विमानांच्या धडाचा सांगाडा म्हणजे वेल्डिंग केलेल्या स्टीलच्या नळ्या, त्यावर कापड. नळीची जाडी बऱ्याच ठिकाणी जेमतेम 0.9 मिमी. बाहेरचा गंज दिसतो तरी. घात करतो तो आतला.

ही विमानं शेपटीवर टेकून उभी राहतात, त्यामुळं आत शिरलेलं पाणी खालच्या लांब नळ्यांतून मागं येऊन साचतं. तपासणी तिथूनच सुरू करा. ऑटोमॅटिक सेंटर पंचनं (दाबला की आतल्या स्प्रिंगनं ठोका देणारं टोकदार हत्यार) ठोकत चला. खोल खळगा पडला किंवा पंच आरपार गेला, तर तेवढी नळी कापून बदलायची. ध्वनिलहरींनी जाडी मोजणाऱ्या साध्या अल्ट्रासॉनिक गेजवर विसंबू नका, बरेचसे 1 मिमीच्या खाली नीट मोजतच नाहीत.

आता रंग काढणं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत शॉट ब्लास्टिंग, म्हणजे छर्रे जोरानं मारून सफाई, सहज करून मिळेल, पण ते जाड ओतीव भागांसाठी. ते स्टीलचे छर्रे या पातळ नळीला पोचे पाडतील. गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साईडचे बारीक कण (ग्रिट) घ्या, हवेचा दाब कमी ठेवा. त्याआधी सगळी भोकं बंद करा, नाहीतर ग्रिट आत जाऊन बसेल.

ब्लास्ट झालेल्या नळीला उघडा हात लावायचा नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तासाभरातही तांबूस झाक येते, म्हणून टू-पॅक (दोन भाग मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी मारा. नळीचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्या तापमानाच्या, किमान 3 अंश सेल्सिअस वर हवं. साधा प्रायमर चालणार नाही, कापड चिकटवायच्या सिमेंटमधलं सॉल्व्हंट तो उचलून काढतं. पावडर कोटिंग दिसतं झकास, पण त्याखाली वेल्डची चीर लपते. मी तरी सुचवणार नाही.

शेवटी आतून तेल. सगळं वेल्डिंग आणि रंग उरकल्यावरच, कारण तेल लागलेल्या नळीवर ना वेल्ड धड बसतो ना रंग. बेलतेल (जवसाचं तेल) साधारण 75 अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, आधीपासून असलेल्या भोकातून ओता, चौकट सगळ्या बाजूंनी फिरवा, उरलेलं पूर्ण निथळू द्या, मग भोक ड्राइव्ह स्क्रूनं (ठोकून बसवायचा स्क्रू) बंद करा. नवं भोक पाडायचं तर मेंटेनन्स मॅन्युअल आणि लायसन्सधारक इंजिनिअरची परवानगी लागते. दुसऱ्या दिवशी एखाद्या सांध्यावर तेल पाझरलेलं दिसलं, तर तिथं चीर किंवा सुईएवढं भोक आहे. ते दुरुस्त होईपर्यंत कापड चढवू नका.

आणि हो, तेलाच्या चिंध्या ढीग करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.