चाळीतल्या खोलीत दूरचित्रवाणीसोबत सात महिने

अध्यक्ष महोदय आणि श्रोते मित्रहो,

२०२० सालच्या २१ मार्चला, शनिवारी संध्याकाळी, मी कल्याणहून लालबागला आई-वडिलांकडे आले ती फक्त पाडव्यापुरती. बुधवारी, २५ तारखेला, गुढी उभारायची आणि गुरुवारी परत फिरायचे एवढाच बेत होता, आणि पिशवीत कपडेही तेवढेच होते. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू झाला, त्या रात्रीपासून लोकल बंद झाल्या आणि ऐन पाडव्याला देशभरची टाळेबंदी सुरू झाली. मी परत गेले ती थेट ऑक्टोबरात. त्या सात महिन्यांत आई-बाबांच्या शेजारी बसून मी जेवढी दूरचित्रवाणी पाहिली, तेवढी आधीच्या वीस वर्षांत पाहिली नसेल. म्हातारी माणसे टीव्हीसमोर बसून वेळ घालवतात, असे आपण सहज म्हणतो. मीही म्हणत असे. ते वाक्य मी आता का उच्चारत नाही, एवढेच आज सांगायचे आहे.

खोली दहा बाय बाराची. एका कोपऱ्यात मोरी, तिच्या बाजूला ओटा, वर पोटमाळा आणि दारासमोर भिंतीवर टीव्ही. या रचनेत टीव्ही न पाहणे शक्यच नसते. जेवताना, भाजी निवडताना, अंथरूण घालताना तो समोर असतोच. पण टाळेबंदीआधी तो दिवसाचा बराच काळ बंद असे. बाबांची सकाळ वाचनालयात आणि खालच्या कट्ट्यावर जात असे, आईची दुपार भजनी मंडळात. गॅलरीत खुर्ची टाकली की उरलेली संध्याकाळ आपोआप निघून जाई. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हे सगळे एकदम थांबले. वर्तमानपत्र यायचे बंद झाले, वाचनालयाला कुलूप लागले, आणि ज्या गॅलरीत जन्म गेला त्याच गॅलरीतून सामाईक शौचालयापर्यंत चालत जाण्याचीही सगळ्यांना भीती वाटू लागली. चाळीत दार लावून घेणे म्हणजे भांडण झाल्याची खूण. त्या दिवसांत सगळ्याच खोल्यांची दारे बंद होती आणि कोणाचेच कोणाशी भांडण झालेले नव्हते.

बाबांनी प्रथम बातम्यांचा आधार घेतला. सकाळी सहापासून ते पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी वाचत बसत. वरळी कोळीवाडा मार्चअखेरीस बंद करण्यात आला तेव्हा त्यांनी तिथल्या आपल्या दोन जुन्या सोबत्यांची नावे उच्चारली आणि दिवसभर दुसरे काही बोलले नाहीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात धारावीची बातमी आली, तेव्हा त्यांचा रक्तदाब मोजावा लागला. शेवटी आईनेच ठरवले की बातम्या लावायच्या त्या फक्त सह्याद्रीच्या, संध्याकाळी सातच्या. आमच्या घरात डॉक्टरांच्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा हा निर्णय अधिक उपयोगी पडला, असे माझे प्रामाणिक मत आहे. दिवसातून एकदा, शांत आवाजात सांगितलेले वाईट वर्तमान माणूस सोसू शकतो. तेच वर्तमान दर पाच मिनिटांनी ओरडून सांगितले, की त्याचे घरच्या घरी दुखणे होते.

आता रामायणाविषयी. दूरदर्शनने २८ मार्चपासून रामानंद सागर यांची १९८७ची मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. त्या काळी ती दर रविवारी सकाळी लागत असे, आणि तेव्हा आमच्या घरी टीव्ही नव्हता. १९८२च्या संपानंतर बाबांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. मिळेल ते काम करून घर चालवण्याचे ते दिवस होते. संपूर्ण मजल्यावर एकच संच होता. त्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडायचा, मुले पुढे जमिनीवर, बायका खाटेवर आणि पुरुष दारात उभे. उशिरा येणाऱ्याला नुसता आवाज ऐकू यायचा, आणि तो तेवढ्यावरही समाधान मानून जायचा. २०२०च्या त्या शनिवारी रात्री नऊ वाजता आम्ही तिघे आपल्या खोलीत दार लावून बसलो होतो. शीर्षकगीत सुरू झाले आणि तेच गीत डावीकडच्या भिंतीतून, उजवीकडच्या भिंतीतून आणि वरच्या मजल्यावरून, क्षणभर मागेपुढे, ऐकू येऊ लागले. बाबांना कमी ऐकू येते, म्हणून मी आवाज वाढवायला गेले, तर ते म्हणाले, “राहू दे गं, सगळीकडून येतोय.” बंद दारांआड अख्खा मजला पुन्हा एकत्र बसला होता.

दीड वर्ष चाललेली ती कथा या खेपेस तीन आठवड्यांत, १८ एप्रिलला संपली. शिळे कार्यक्रम कशाला पाहायचे, अशी माझी सुरुवातीची कुरकुर होती. आईने त्यावर वाद घातला नाही. ती नुसती पुढचा प्रसंग आधी सांगत गेली: आता तो सोनेरी हरीण येईल, आता ही रेषा ओलांडेल. सांगताना तिचा आवाज स्थिर असे. तिला पुढचे माहीत होते, आणि त्या एप्रिलमध्ये पुढचे माहीत असलेली दुसरी एकही गोष्ट आमच्याजवळ नव्हती. टाळेबंदी १४ तारखेला संपणार म्हणून सांगितले होते ती ३ मेपर्यंत गेली, मग १७, मग ३१. गिरणीतल्या भोंग्यावर तारुण्य काढलेल्या माझ्या वडिलांना दिवसाचे भाग पाडणारे काहीतरी हवे होते, आणि दोन वेळचे नऊ त्यांना ते देत होते. अंघोळ, दाढी, चहा हे सगळे सकाळच्या नऊच्या आत आटोपायचे. घरातल्या घरात रोज स्वच्छ सदरा घालणारा माणूस मी त्या वर्षी पाहिला.

दरम्यान १९ मार्चपासून चित्रीकरणे थांबली होती, त्यामुळे मराठी मालिकांचे नवे भाग आटले आणि आईच्या संध्याकाळीही जुन्याच भागांवर आल्या. जूननंतर माझे ऑनलाइन वर्ग सुरू झाले. मी पोटमाळ्यावर फोन पुस्तकांना टेकवून बारावीला शिकवत असे, आणि खाली टीव्हीचा आवाज पूर्ण बंद असे. हे मी कधीच मागितले नव्हते. आई मुकी मालिका पाहत बसे आणि वर्ग संपला की मला तिची गोष्ट सांगे: कोणाचे कोणाशी बिनसले, कोणी कोणते पत्र लपवले. एकही संवाद न ऐकता तिला सगळे कळलेले असे. मी पंचवीस वर्षे कथा शिकवते आहे, पण चेहऱ्यावरून गोष्ट वाचण्याचे तिचे कौशल्य मला आलेले नाही.

जुलैच्या मध्यापासून नवे भाग येऊ लागले. दोन-तीन दिवस आई आनंदात होती. मग एका रात्री तिने विचारले, “यातली आजी कुठे गेली गं?” पडद्यावरच्या घरात आजी गावाला गेल्याचे एक वाक्य कोणीतरी घाईने बोलून गेले होते. कारण मला माहीत होते. मेअखेरीस राज्य सरकारने चित्रीकरणाला परवानगी देताना ६५ वर्षांवरील कलाकारांना आणि कर्मचाऱ्यांना चित्रीकरणस्थळी येण्यास मनाई केली होती. हेतू त्यांच्या काळजीचा होता, हे मी मान्य करते. परंतु ज्या अटीने ती आजी कामाला मुकली, तशाच प्रकारच्या सूचनेने माझी ७१ वर्षांची आई खोलीत बसली होती, आणि आता पडद्यावरच्या घरातूनही तिच्या वयाचे माणूस उठवले गेले होते. आईला मी कारण सांगितले. ती एवढेच म्हणाली, “म्हणजे आम्ही तिथेही नाही.” त्या वाक्यावर मला अजूनही उत्तर सुचलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ७ ऑगस्टला ती अट भेदभावाची ठरवून रद्द केली. सातच्या बातम्यांत बाबांनी ते ऐकले आणि आईला ओट्याजवळून हाक मारली. आजी काही आठवड्यांनी परतली. आईने तिला पाहताच पदर सावरला, घरात पाहुणी आल्यावर सावरतात तसा.

त्या वर्षी लालबागच्या राजाची मूर्ती बसली नाही, तिथे आरोग्योत्सव झाला. गर्दीचा आवाज नसलेले ते अकरा दिवस आमच्या गल्लीने कसे काढले, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि त्यावर मी आज बोलणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. जुलैच्या २० तारखेपासून सह्याद्रीवर शाळेच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली. शेजारच्या खोलीतला चौथीतला मुलगा. त्यांचा संच बिघडलेला आणि घरातला एकुलता स्मार्टफोन वडिलांबरोबर कामावर जाणारा. बाबांनी आमचे दार उघडले, संच भिंतीवरून उतरवून स्टुलावर ठेवला आणि त्याचे तोंड गॅलरीकडे केले. मुलगा उंबऱ्याबाहेर सतरंजीवर, नाकातोंडाला रुमाल बांधून बसे. आठवडाभरात त्याच्या मागे आणखी दोन मुले आली, अंतर ठेवून. त्यांच्या चपला बाबा रोज स्वतः ओळीने लावून ठेवत.

ऑक्टोबरच्या २१ तारखेपासून सर्व महिलांना ठरावीक वेळांत लोकलने प्रवास करण्याची मुभा मिळाली: सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. नवरात्र चालू होते. मी पिशवी भरली आणि सातची पहिली गाडी धरायची असे ठरवले. आईने डबा बांधून दिला, हातावर साखर ठेवली आणि घड्याळाकडे पाहत म्हणाली, “साडेआठला मालिका संपते. तेवढी बघून मग नीघ.” करी रोडहून मी नऊनंतरची गाडी धरली.