क्वेकच्या कच्च्या फायली

(पडद्यावर: क्वेकमधला दगडी जिना, खेळाडूच्या नजरेतून)

हा क्वेक, कॉम्प्युटरवरचा नेमबाजीचा गेम. आयडी सॉफ्टवेअर या कंपनीचा, 1996 सालचा. इथलं प्रत्येक वळण जुन्या खेळाडूंना तोंडपाठ असतं. पण ही झाली पक्की फाइल. आता कच्ची बघा.

(पडद्यावर: तीच लेव्हल, नोटपॅडमध्ये उघडलेली मॅप फाइल)

नुसता मजकूर. कंसातले तीन आकडे म्हणजे एक बिंदू. असे तीन बिंदू मिळून एक प्रतल, आणि त्याच ओळीत पुढे त्यावर चढवायच्या टेक्स्चरचं, म्हणजे दगड-लाकडासारख्या चित्राचं नाव. अशा सहा ओळी झाल्या की चौकोनी ठोकळा तयार. लेव्हल बनवणारे त्याला ब्रश म्हणतात. पायरी म्हणजे ब्रश, खांब म्हणजे ब्रश, दरवाजासुद्धा ब्रशच. जॉन रोमेरो, अमेरिकन मॅकगी (अमेरिकन हे त्याचं नावच), सँडी पीटरसन आणि टिम विलिट्स यांनी क्वेकएड नावाच्या एडिटरमध्ये हे ठोकळे रचले.

(पडद्यावर: कंपायलरच्या ओळी भराभर वर सरकताना)

मग कंपाइल, म्हणजे या मजकुरातून गेमला वाचता येईल अशी फाइल बनवायची. काम तीन प्रोग्रामांचं: क्यूबीएसपी, लाइट आणि व्हिस. क्यूबीएसपी ठोकळे कापतो आणि भिंतीत गाडलेले पृष्ठभाग टाकून देतो. लाइट उजेड-सावली आधीच मोजून ठेवतो. कुठून काय दिसेल याचा हिशेब व्हिसकडे. त्याच्याच जिवावर त्या काळच्या पेंटियम प्रोसेसरवर खेळ पळायचा. शेवटी हाती येते बीएसपी फाइल. दिवे कुठे, राक्षस कुठे, ही नोंद तिच्यात राहते. ठोकळे मात्र गेले. डीकंपाइल करून, म्हणजे उलट्या दिशेने मॅप काढायला गेलं तर मिळतो तो चुरा. एक पायरी रुंद करायची? आधी ती कुठल्या तुकड्यांची होती ते हुडका!

(पडद्यावर: परवान्याचा मजकूर)

इंजिनचा, म्हणजे गेम चालवणाऱ्या प्रोग्रामचा सोर्स कोड डिसेंबर 1999 मध्येच जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला होता. मॅप फायली तेवढ्या मागे राहिल्या. सोर्स म्हणजे फक्त कोड, हा प्रोग्रामर मंडळींचा जुनाच समज. ऑक्टोबर 2006 मध्ये रोमेरोने मूळ मॅप फायलीही जीपीएलखाली दिल्या. बघा, बदला, वाटा. बदललेलं वाटलंत तर त्याचा सोर्सही त्याच परवान्याखाली द्या. खेळातले आवाज आणि राक्षसांची मॉडेल्स यात आली नाहीत.

(पडद्यावर: ट्रेंचब्रूम एडिटर, माउसने भिंत ओढली जाते)

हा ट्रेंचब्रूम, आजचा एडिटर. भिंत धरली, ओढली, खोली मोठी झाली. नवखे यावर हात बसवतात, मॉडवाले, म्हणजे गेममध्ये स्वतःचे बदल करणारे, हवं ते उचलतात. या लेव्हलमध्ये रंगीत दिवे घातलेत. पुन्हा कंपाइल करायला आता फार वेळ लागत नाही.