सही न करणारे तिघे

श्रोतेहो, नमस्कार. फिलाडेल्फिया शहरातील राष्ट्रीय संविधान केंद्रात एक दालन आहे. 1787 साली अमेरिकेच्या संविधानावर सही करणाऱ्या 39 प्रतिनिधींचे पूर्णाकृती कांस्य पुतळे तेथे आहेतच. पण अखेरपर्यंत परिषदेत बसूनही सही नाकारणाऱ्या तिघांनाही त्याच दालनात जागा दिली आहे. त्यांच्यातील जॉर्ज मेसन यांचा मोठा आक्षेप होता तो मसुद्यात नागरिकांच्या हक्कांची सनद नाही हा, आणि ती सनद 1791 मध्ये जोडली गेलीच.

या केंद्राची सूत्रे 2013 साली जेफ्री रोझेन यांनी हाती घेतली. येल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेले रोझेन वॉशिंग्टनमध्ये कायदा शिकवत आणि नियतकालिकांतून न्यायालयांविषयी लिहीत आले होते. पक्षनिरपेक्ष राहून संविधानाचे ज्ञान पसरवावे, हे काम अमेरिकी काँग्रेसने 1988 च्या कायद्यानेच केंद्राला नेमून दिले होते; ते करावे कसे, याची एक रीत 2015 मध्ये रोझेन यांच्या कारकिर्दीत आकाराला आली. संविधानाच्या एकेका कलमावर उदारमतवादी आणि परंपरावादी अशा दोन अभ्यासकांनी आधी दोघांना मान्य असलेला मजकूर एकत्र लिहायचा आणि मगच आपापले स्वतंत्र मत मांडायचे. दोन्ही बाजूंना सारखी जागा दिल्याने लंगडा युक्तिवादही उगाच तोलामोलाचा दिसतो, ही शंका मलाही येते. परंतु आधीच्या सामाईक मजकुरामुळे निदान वस्तुस्थितीवरून तरी वाद उरत नाही.

शिवाय, सरकारने काय करावे आणि संविधान त्याला काय करू देते, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा, असे रोझेन आपल्या श्रोत्यांना सतत बजावत आले आहेत.

हाच भेद आपल्याकडे लावून पाहा. फूल आणि दोन पाने या निशाण्या आपल्या गोव्यात कोण विसरेल? 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने (फूल) 1,38,170 आणि वेगळ्या संघप्रदेशाच्या बाजूने (दोन पाने) 1,72,191 मते पडली. विलीनीकरण व्हायला हवे होते का, हा राजकीय प्रश्न आहे. हद्द बदलण्याचा अधिकार कोणाचा, हा संविधानाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदात आहे: संसदेचा. कौल घेण्यासाठीसुद्धा संसदेला 1966 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. एवढा मजकूर विलीनीकरणवादी आणि संघप्रदेशवादी अशा दोन घरांतील शिक्षकांना एकत्र बसून सहज लिहिता येईल. पुढच्या पानावर त्यांनी खुशाल भांडावे.