हलक्या धावेचा दिवस पाय ठरवतात

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे अनवाणी धावणाऱ्यांशी, आणि त्यांच्या आठवड्यातल्या सगळ्यात दुर्लक्षित दिवसाबद्दल. रिकव्हरी रनचा दिवस. लांब पल्ला झाला, किंवा दम काढणारा जोराचा सराव झाला, की त्यानंतर येणारी ती छोटी, संथ धाव. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण तुम्ही ऐकताय, वाचत नाही. अनवाणी धावणाऱ्याचा रिकव्हरी रन दमावर ठरत नाही, पायांवर ठरतो. दम भरून आला म्हणून निघायचं नाही. पाय तयार आहेत म्हणून निघायचं.

असं का, ते थोडक्यात सांगतो. बूट काढले की बहुतेकांचं पाऊल टाचेवर आपटायचं थांबतं. आपण चवड्यावर किंवा पावलाच्या मधल्या भागावर उतरतो, पावलं आखूड आणि भरभर पडतात. गुडघ्याला त्यामुळे जरा उसंत मिळते. पण भार कुठे नाहीसा होत नाही, तो खाली उतरतो. पोटरी, टाचेमागचं अकिलिस, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी दोरीसारखी कंडरा, आणि चवड्यातली ती पाच लांबट हाडं तो झेलतात. आता गंमत बघा. दम एका रात्रीत भरून येतो. अकिलिससारख्या कंडरेला तेवढ्यात जमत नाही. जोराच्या व्यायामानंतर साधारण पहिले २४ ते ३६ तास तिच्यात नवे तंतू बनतात त्यापेक्षा जुने जास्त झिजतात, आणि मग पारडं फिरून पुढे तिसऱ्या दिवसापर्यंत बांधणीचं काम चालू राहतं. हाडांना त्याहून वेळ लागतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला अगदी ताजंतवानं वाटत असतं, तेव्हा अकिलिस अजून खालच्याच पायरीवर असतं. याच सकाळी अनवाणी धावलात, तर जायबंदी व्हायची भीती असते.

आणखी एक समजूत घालवून टाकू. जोरात धावताना स्नायूंत लॅक्टेट नावाचा पदार्थ तयार होतो, आणि रिकव्हरी रननं पायात साठलेलं ते लॅक्टेट निघून जातं, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. ते तर धाव संपल्यावर तासाभरात आपोआप उतरतं. दुसऱ्या दिवशी काढून टाकायला काही शिल्लकच नसतं. रिकव्हरी रनचा उपयोग वेगळा आहे. आखडलेले स्नायू मोकळे होतात, थकलेल्या पायांवरही पाऊल हलकं टाकायची सवय लागते, आणि भार फारसा न वाढवता आठवड्याची धाव थोडी वाढते. थोडी. हा शब्द विसरू नका.

आता मला आवडणारी गोष्ट सांगतो. अनवाणी धावण्याचा विषय निघाला आणि मी अबेबे बिकिलाबद्दल बोललो नाही, असं होत नाही.

१० सप्टेंबर १९६०. रोमचं ऑलिंपिक. उन्हाची तलखी टाळायला मॅरेथॉन संध्याकाळी ठेवलेली, आणि सुरुवात किंवा शेवट स्टेडियममध्ये नाही, थेट शहराच्या जुन्या रस्त्यांवर. इथिओपियाच्या सम्राटाच्या शरीररक्षक दलातला हा अठ्ठावीस वर्षांचा शिपाई तिथे उभा आहे, आणि त्याच्या पायात काही नाही. जगाला तो माहीत नाही. मिळालेले बूट पायाला नीट बसेनात, चावायला लागले, आणि अनवाणी पळायची सवय तर होतीच. त्यानं आणि त्याचे स्वीडिश प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांनी ठरवलं, बूट नकोत.

त्याला सांगून ठेवलेलं होतं की मोरोक्कोच्या राहदी बेन अब्देसलामवर नजर ठेव, त्याचा क्रमांक २६. शर्यत सुरू झाली. निम्मं अंतर व्हायच्या सुमाराला बाकीचे मागे पडले आणि पुढे दोघंच उरले. बिकिला आणि शेजारी १८५ क्रमांकाचा एक धावपटू. बिकिला पुढे बघतोय, २६ कुठे आहे? तो पुढे असणार, त्याला गाठायला हवं. आणि शेजारी खांद्याला खांदा लावून पळतोय तोच राहदी! २६ क्रमांक त्यानं लावलेलाच नव्हता, दहा हजार मीटरसाठी मिळालेला १८५ तसाच अंगावर होता. मैलामागून मैल हा माणूस ज्याला शोधतोय, तो त्याच्या कोपराशी आहे.

अंधार पडला. अपियन मार्गाच्या कडेला सैनिक मशाली घेऊन उभे होते. फरसबंदीचा जुना रस्ता, वर मशालींचा हलता उजेड, आणि त्यावर एका माणसाची अनवाणी पावलं. वाटेत अक्सुमचा स्तंभ लागतो. इटलीच्या फौजांनी इथिओपियातून उचलून आणून रोममध्ये उभा केलेला तो प्रचंड दगडी स्तंभ तेव्हा तिथेच होता, तो परत गेला २००५ साली. त्या स्तंभाजवळून इथिओपियाचा शिपाई धावत पुढे जातो, शेवटच्या टप्प्यात वेग वाढवतो आणि राहदीला मागे टाकून कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली शर्यत संपवतो. २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. त्या वेळची जगातली सर्वोत्तम वेळ. राहदी २५ सेकंदांनी मागे. इथिओपियाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

इथपर्यंत सगळे सांगतात. मला मात्र पुढचा भाग जास्त आवडतो. चार वर्षांनी, १९६४ ला, टोकियो. शर्यतीच्या जेमतेम पाच-सहा आठवडे आधी बिकिलाच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती. आणि तो धावतो कसा? बूट घालून! पायात पांढरे बूट, मोजे. २ तास १२ मिनिटं ११ सेकंद, पुन्हा जगातली सर्वोत्तम वेळ, आणि ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिला माणूस. शर्यत संपवून तो स्टेडियमच्या हिरवळीवर जातो आणि अंग मोकळं करायचे व्यायाम सुरू करतो. दुसऱ्या क्रमांकाचा धावपटू यायला अजून चार मिनिटं आहेत, आणि हा पाठीवर पडून पाय वर करून हलवतोय.

माझं ठाम मत आहे, रोमचं ते अनवाणी छायाचित्र जिथे जिथे छापतात, तिथे शेजारी टोकियोच्या पांढऱ्या बुटांचंही छापायला हवं. अनवाणी धावण्याचा पंथ करून टाकणाऱ्यांनी ते रोज बघावं. रोममध्ये बूट चावत होते, म्हणून काढले. टोकियोत घालावेसे वाटले, म्हणून घातले. आणि १९६८ ला मेक्सिकोत? पायाचं हाड दुखावलेलं असताना तो सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला, आणि साधारण १७ किलोमीटरवर त्याला थांबावं लागलं. एवढ्या मोठ्या धावपटूचा दमही तिथे कामाला आला नाही. हाडापुढे इलाज नव्हता.

म्हणून पुन्हा सांगतो. दम नाही, पाय.

आता आठवड्याचं बघू. समजा रविवारी तुमचा लांब पल्ला असतो आणि बुधवारी वेगाचा सराव. सोमवारी अनवाणी धावू नका. चाला, सायकल चालवा, किंवा बूट घालून अगदी सावकाश वीसेक मिनिटं धावा. हो, बूट घालून. अनवाणी रिकव्हरी रन ठेवा मंगळवारी, वीस ते तीस मिनिटं, आणि तसाच दुसरा शुक्रवारी. ज्यांनी बूट नुकतेच सोडलेत, त्यांनी आठवड्यात असा एकच ठेवावा, तोही दहा मिनिटांचा. वेग किती? सोबतच्या माणसाशी अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. घड्याळ बघू नका. खरं तर त्या दिवशी घड्याळ घालूच नका. आणि कानात ते इयरफोनही नकोत, हे मी फार मनापासून सांगतोय. आपल्या पावलांचा आवाज ही अनवाणी धावणाऱ्याची सगळ्यात मोठी खूण आहे. थकलेलं पाऊल फटफट वाजतं. आवाज वाढला की धाव संपली, मग दहा मिनिटं झालेली असोत की बारा.

जागा कुठली, हे खूप जण विचारतात. हलका दिवस म्हणून लोक मऊ वाळू शोधतात. वाळूत टाच आत रुतते, अकिलिस जास्त ताणलं जातं, पोटरीला जादा राबावं लागतं. हलक्या दिवसाला सपाट, गुळगुळीत, टणक रस्ता बरा. गवतही चालेल, पण त्यात काय दडलंय ते दिसत नाही.

आणि निघण्याआधी दोन मिनिटं पाय तपासा. अंथरुणातून उठल्यावरचं पहिलं पाऊल कसं पडतं? टाच दुखते का? मग एका पायावर उभं राहून टाच सावकाश वर उचला, दहा वेळा, दोन्ही पायांनी. पोटरी थरथरली किंवा अकिलिस कुरकुरलं, तर आज चालायचं. मग खाली बसा, पाऊल मांडीवर घ्या आणि अंगठ्यानं चवड्यातलं एकेक हाड बोटांपासून घोट्याकडे दाबत या. सगळीकडे सारखं दुखत असेल तर तो थकवा. पण एका बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी कळ आली, तर धावणं बंद. ती कळ हाडाला बारीक चीर पडत असल्याची असू शकते. चार दिवसांत गेली नाही तर डॉक्टरांना दाखवाच.

ज्यांना मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अनवाणी धावू नये. तळवा खबर देतो, या भरवशावरच हे सगळं उभं आहे.

राहिली कातडी. तळव्याची कातडी घट्ट होते, पण सावकाश, आणि ओली असली की लगेच सोलवटते. पाऊस झालेला असेल, रस्ता ओला असेल, तर रिकव्हरी रन निम्म्यावर आणा. परत आलात की पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवा उजेडात धरून बघा. गुलाबी, गरम, झोंबणारा ठिपका दिसला तर फोड यायच्या बेतात आहे. पुढची अनवाणी धाव तो ठिपका झोंबायचा थांबल्यावरच.

नमस्कार.