इंजिन खोलण्याआधी फाउंडेशन बोल्ट बघा

नमस्कार मंडळी. आधी हा आवाज ऐका. (गाडी चालू, रेस हळूहळू वाढते) आता... ही खरखर! एका ठरावीक रेसलाच येते, आणखी पिळलं की गायब.

ही बाबांची २००३ ची स्प्लेंडर. रोज घोडबंदर रोड. मानपाड्यापासून गायमुखपर्यंत पावसाळ्यात काय रस्ता असतो ते ठाणेकरांना सांगायला नको. गेल्या महिन्यात फूटरेस्ट इतका थरथरायला लागला की बाबांच्या तळपायाला मुंग्या यायच्या. एका गॅरेजमध्ये सांगितलं, इंजिन खोलावं लागेल. मी म्हटलं, बाबा, दोन दिवस थांबा.

इंजिन चेसिसला ज्या बोल्टांनी धरलेलं असतं, ते फाउंडेशन बोल्ट. त्यातला एक जरी सैल झाला तरी इंजिनाचा थरकाप थेट फ्रेममध्ये आणि तुमच्या पायात उतरतो.

आता एक कळकळीची विनंती. तपासायच्या आधी गाडी धुऊ नका. इंजिन थंड होऊ द्या, गाडी मेन स्टँडवर घ्या आणि बॅटरी मारून प्रत्येक बोल्टाच्या वॉशरभोवती बघा. (कॅमेरा जवळ) ही तांबूस भुकटी दिसतेय? बोट फिरवलं की गेरूसारखी लागते. साधा गंज असा सहज निघत नाही. इथे लोखंडावर लोखंड सतत घासतंय, त्याचा बारीक चुरा गंजून बाहेर येतोय. तुम्ही पाण्याचा फवारा मारलात की हा पुरावाच वाहून गेला.

दुसरी खूण हाताला कळते. बोल्टाच्या एका बाजूला बोट टेकवा, दुसऱ्या बाजूनं छोट्या हातोडीनं हलकेच ठोका. घट्ट बोल्ट टणकन वाजतो. सैल असेल तर आवाज बसका येतो आणि बोटाला हालचाल जाणवते.

सापडला की लगेच पाना लावून आवळायचा मोह होतो. तसं करू नका, तो पुन्हा सुटेल. आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा दोन्ही भाग दाबून धरतो. तो दाब कमी पडला की भाग आडवे सरकतात आणि नट आपोआप फिरत जातो. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरनं हेच प्रयोगानं दाखवलं. आडव्या हादऱ्यांपुढे नुसत्या स्प्रिंग वॉशरवर भिस्त ठेवता येत नाही.

म्हणून इंजिनाखाली लाकडी ठोकळा घालून जॅकचा हलका आधार द्या आणि बोल्ट पूर्ण बाहेर काढा. आमच्या बोल्टाची मान एका बाजूनं झिजलेली निघाली, हे बघा. असा बोल्ट परत घालायचा नाही. नवा तेवढ्याच लांबीचा, डोक्यावर ८.८ (हा मजबुतीचा दर्जा) कोरलेला घ्या. भंगारातला अजिबात नको. ब्रॅकेटचं भोक लांबट झालं असेल तर ब्रॅकेटही बदला.

आटे पेट्रोलनं पुसून कोरडे करा, निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे सुटू नयेत म्हणून लावायच्या गोंदाचा, एक थेंब लावा. लाल नको, पुढच्या वेळी तापवल्याशिवाय सुटणार नाही. बाकीचे फाउंडेशन बोल्टही थोडे सैल करा, इंजिन हलवून नीट बसू द्या, सगळे हातानं लावा आणि मगच टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरानंच आवळता येणारा पाना. हा ८ मिलिमीटरचा बोल्ट, १२ ची गोटी म्हणजे सॉकेट लागतो. अशा साध्या बोल्टाला साधारण २२ न्यूटन-मीटर लागतात, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच आकडा धरा. आणि हो, सिलिंडर हेडचे नट म्हणजे फाउंडेशन बोल्ट नव्हेत. त्यांना ह्या नादात हात लावू नका.

शेवटी नट आणि ब्रॅकेट दोन्हींवरून आईच्या नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. थ्रेडलॉकर सुकायला एक दिवस गाडी उभी ठेवली. १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पाना लावणार आहे. आज ६० झालेत. (कॅमेरा जवळ) रेघ अजून सरळ आहे, आणि बाबा आजही गाडी घेऊनच कामाला गेले होते.