पाठीशी कोण होतं?

नमस्कार मंडळी!

'कोल्हापूरचे नामवंत' असा विषय मला दिलाय. शाहू महाराजांपासून जयंत नारळीकरांपर्यंत नुसती नावं घेत गेलो तरी जेवणाची वेळ होईल. म्हणून तिघांचंच सांगतो, आणि त्यांच्या पाठीशी कोण होतं तेही सांगतो.

पहिले गंगाराम कांबळे. महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं. महाराजांनी त्यांना धंदा काढायला मदत केली आणि भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल सुरू झालं. पण अस्पृश्य माणसाच्या हातचा चहा त्या काळी प्यायचा कुणी? मग महाराज स्वतःच यायला लागले. गाडी हॉटेलसमोर थांबवायची, गंगारामांचा चहा मागवायचा, आपण घ्यायचा आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावायचा. राजानं तोंडाला लावलेल्या कपाला नाही म्हणायची कुणाची टाप होती? महाराज १९२२ साली गेले. पुढं नर्सरी बागेत त्यांचं स्मारक व्हावं म्हणून झटले ते हेच गंगाराम. शाळेत असताना मी त्या रस्त्यानं रोज सायकलवरून जायचो, पण यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं. त्याची रुखरुख आजही वाटते.

दुसरे बाबूराव पेंटर, जातिवंत मिस्त्री. नात्यातले भाऊ, पण सख्ख्यांहून जवळचे असे आनंदराव आणि ते मिळून नाटकांचे पडदे रंगवायचे. दोघांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. कॅमेरा अर्धाच राहिला होता. बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून तो पुरा केला, आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला.

तिसरे खाशाबा जाधव. जन्म कराडजवळच्या गोळेश्वरचा, पण शिकले आपल्या राजाराम कॉलेजात. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला कुस्तीत सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावोगाव वर्गणी गोळा केली, तरी भागेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तुम्हीच सांगा, कॉलेजातल्या पोरासाठी राहतं घर गहाण टाकायचं म्हणजे काळीज केवढं लागत असेल! हेलसिंकीत एक कुस्ती संपते न संपते तोच त्यांना दुसरीला उभं केलं. मध्ये विश्रांती हवी, हे भांडून सांगायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. तरी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं हे पहिलं वैयक्तिक पदक. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या पैशातून आधी गुरुजींचं घर सोडवलं.

२०२४ साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य घेतलं, तेव्हा आईचा फोन आला. "आपल्या कांबळवाडीचा पोरगा रे!" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

गावाकडं तालमीत, रेंजवर घाम गाळणारी अशी पोरं आजही आहेत. त्यांच्या खुराकासाठी, प्रवासासाठी मंडळानं या वर्षी वेगळी वर्गणी काढावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वही दारापाशी टेबलावर ठेवलीय. पहिलं नाव मी घातलंय.