उएची-र्यू : एका गुरूचे मौन

श्रोतेहो, नमस्कार. कराटे जपानचे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु त्याचे माहेर ओकिनावा, म्हणजे एकेकाळचे र्युक्यू राज्य. चीनच्या फुजियान प्रांताशी या बेटांचा शतकानुशतके व्यापार चाले आणि त्याच वाटेने युद्धकलाही आली. उएची-र्यू ही शैली त्या वाटेवरचीच.

तिचे प्रवर्तक कानबुन उएची यांचा जन्म १८७७ चा. १८९७ मध्ये ते फुजियानमधील फूचौ येथे गेले, शू शिवा या गुरूंकडे अनेक वर्षे शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. असे सांगतात की, त्यांच्या एका शिष्याने जमिनीच्या वादातून याच विद्येच्या बळावर एका माणसाचा जीव घेतला. उएचींनी तो दोष स्वतःकडे घेतला. १९१० मध्ये ते ओकिनावाला परतले ते यापुढे कोणालाही शिकवायचे नाही, असे ठरवूनच. आग्रह झाले, विनवण्या झाल्या, पण ते शेती करीत राहिले.

१९२४ च्या सुमारास पोटासाठी ते जपानमधील वाकायामा येथे गिरणीकामगार म्हणून गेले. तेथे र्युयू तोमोयोसे हा ओकिनावाचाच तरुण त्यांना भेटला. या अबोल माणसाला काहीतरी येते, हे त्याने ताडले होते. मला शिकवा, असे तो म्हणालाच नाही. आपले कोणाशी भांडण झाले, त्याने असे धरले, असा ठोसा मारला, तर त्या वेळी काय करायला हवे होते, एवढेच तो विचारी. उएची सहज हात हलवून उत्तर दाखवीत. दुसऱ्या वेळी नवे भांडण, नवा प्रश्न. भांडणे मनची होती. उत्तरे मात्र खरी होती. अखेर तोमोयोसेने मन मोकळे केले आणि उएचींनी मौन सोडले. तेही मोजक्या माणसांपुरते, बंद दाराआड. सर्वांसाठी वर्ग उघडला तो १९३२ मध्ये.

शिकवले काय? तीनच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम : सानचिन, सेसान, सानसेर्यू. पुन्हा सांगतो, तीनच. त्यांतही पाया सानचिनचा. पायाची बोटे आत वळलेली, कोपरे बरगड्यांशी, हात उघडे, श्वास संथ. शिष्य पुढे सरकत असता गुरू तळहाताने त्याच्या खांद्यांवर, मांड्यांवर थापा मारून पाहतात. शरीर वज्रासारखे हवे, पण ताठरलेले नको. हेच या शैलीचे तत्त्वज्ञान. दर काही महिन्यांनी पट्ट्याचा रंग बदलून देणारे वर्ग मला म्हणूनच पटत नाहीत. पालकांनीही मुलाला कोणता पट्टा मिळाला हे विचारण्याऐवजी त्याची सानचिन उभे राहून पाहावी.

१९४० मध्ये या शैलीला उएची-र्यू हे नाव मिळाले. युद्धानंतर, १९४६ मध्ये, उएची ओकिनावाला परतले आणि १९४८ मध्ये इए बेटावर निवर्तले. त्यांचे पुत्र कानेइ यांनी पुढे काता वाढवून आठ केल्या. पण शिकवणीचा आरंभ आजही सानचिननेच होतो.